बोटभर तार

"गुडघ्यातल्या पाण्यात सूज दाखवणारे घटक चौपट निघालेत," डॉक्टरबाई रिपोर्ट वाचत म्हणाल्या. "दोन वर्षं हेच चाललंय, काका. आता भट्टीसमोर तासन्‌तास उभं राहणं बंद."

"मशीनला काय कळतंय!" तपासणीच्या टेबलावर आडवे झालेले मिठाईवाले काका फिस्कारले. "मी घरी बसलो तर पाक कोण बघणार?"

काकू शेजारच्या खुर्चीत पर्स घेऊन बसल्या होत्या. त्यांचं बोलून बोलून झालं होतं.

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. गुडघा पुन्हा टम्म फुगला होता. त्यांनी सुई घालून पाणी काढलं आणि सिरिंज काकांच्या डोळ्यांसमोर धरून एक थेंब खाली सोडला. तो टपकन पडला.

"चांगल्या गुडघ्यातलं पाणी असं पडत नाही. तुमच्या पाकासारखी त्याची बोटभर तार निघते."

काका कोपरावर रेलून उठले. त्यांनी दुसरा थेंब सोडायला लावला आणि मान वाकडी करून तो निरखला. त्याचीही तार निघेना. काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"याला पाक म्हणतात? नुसतं पाणी! असा पाक करणाऱ्याला मी भट्टीच्या आसपास फिरकू देत नाही. सरळ घरी बसवतो!"

काकूंनी पर्समधून पेन काढून डॉक्टरबाईंपुढे धरलं.

"हेच लिहा औषधांच्या चिठ्ठीवर, शब्द न्‌ शब्द. आणि खाली सही ह्यांची घ्या."