मीठ आणि काडेपेटी

विहिरीच्या तळाशी उतरून ओंजळभर पाणी प्यायल्यावर अमृतराव खालूनच ओरडला, "गोड हाय! बहात्तरच्या दुष्काळातबी आटली न्हाई ही!"

"गोड असंल तर बरंच," काठावरून त्याची बायको मालनबाई म्हणाली. अमृतरावाच्या थोरल्या भावाने दिलेली बैलगाडी बांधावर उभी होती. गाडीवानाने बैल सोडले नव्हते.

वसमतला अमृतरावाने केव्हाच नापास करून टाकलं होतं. नळ एक दिवसाआड, वीज तिच्या मर्जीने, घासलेट रांगेत. हे गाव माणसाला मिंधं करतं, असं तो वर्षानुवर्षं बडबडायचा. आपली विहीर, आपली गाय, आपली ज्वारी असावी. बाजारातून फक्त मीठ आणि काडेपेटी. तेवढं आणण्यापुरतं वसमत जवळ असलं की झालं, बाकी त्या गावाचा उपयोग काय?

सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. सर्वांत जास्त थोरल्या भावाने, सटवाजीने, कारण अमृतरावाच्या वाट्याचं हे शेत तोच दाबून बसला होता. पण अमृतरावाच्या पायाची जखम भरेना, म्हणून सटवाजीने त्याला नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं आणि तेव्हापासून गडी मेणासारखा मऊ झाला. "घे बाबा शेत. झोपडीबी बांधून देतो." अमृतरावाला रडूच आलं होतं. भाऊ असावा तर असा, हे त्याने चौघांत सांगूनही टाकलं.

झोपडी खरंच बांधून तयार होती. मालनबाईने तीन दगडांवर चहा ठेवला. तो उतू जायला लागला तसं अमृतरावाने उघड्या हाताने पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"फडकं तरी घ्यायचं," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

"ह्या हाताला?" तो हसला.

हळद शिजवण्यात त्याचा हात धरणारा वसमतमध्ये कुणी नव्हता. हळद शिजली का ते बाकीचे काडी टोचून पाहायचे. हा उकळत्या कढईतून हळकुंड उचलून बोटांनीच दाबायचा. "सराव हाय. आता तर चटकाच लागत न्हाई," असं अभिमानाने सांगायचा. लोकही वाहवा करायचे.

तिने नव्या कपात चहा ओतला. कपावर त्याचं नाव कोरलेलं होतं. ताटावर, तांब्यावर, वाटीवरही.

"समद्यांवर माझंच नाव?"

"भाऊजींनी घालून आणलं." ती पिशवीतून काहीतरी काढत राहिली. "ह्या पायाच्या गोळ्या. एकबी चुकवू नका."

चहा पिता पिता त्याने संसार मांडून टाकला. गाय त्या कोपऱ्यात, शेवगा दाराशी, लिंबाखाली तिचं जातं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहत काढली. आता कुणाचं ऐकायला नको.

"बोल की. दोघांना रगड हाय का न्हाई?"

"एकाला रगड हाय."

त्याला गंमत वाटली. मग त्याने भांड्यांकडे नीट पाहिलं. "तुझं ताट कुठंय?"

त्याने रिकामा कप पुढे केला. तिने हात पुढे केला नाही.

"तिथंच ठेवा. खाली."

बांधावर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. मालनबाईने पदराने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"पोरीचं लगीन व्हायचंय अजून. मला घरी जावं लागंल. मीठ-काडेपेटी दर बाजाराला गाडीवान बांधावर ठेवून जाईल. तुमी गावात यायचं न्हाई, असं भाऊजींनी सांगितलंय."

"काहून? मी काय केलं?"

ती उठली, चार पावलं मागे सरली आणि तिथूनच म्हणाली, "चटका लागत न्हाई तो सराव न्हवं. डाक्टर म्हणले, महारोग हाय."