चारही काठ

रामेश्वर कापडाची कापलेली कड शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. हातात कात्री, समोर टेबलावर पसरलेली लाल-काळी लोकरी शाल, डोक्यातून घालायची. त्याने पुन्हा एकदा चारी बाजूंवरून अंगठा फिरवला. कुठे दुमड नाही, शिलाई नाही, एक सुटा दोरा नाही. मधोमध डोकं घालायला जागा होती, तीसुद्धा कापलेली नव्हती. दोन पट्टे जोडताना तेवढी फट मोकळी सोडलेली होती.

"झालं का, रामेश्वरभाऊ?" विभावरी दुकानात शिरली. दुबईच्या एका मॉलमधल्या उत्सवाचे कार्यक्रम तिच्याकडे होते आणि त्यांचे कपडे अजमानच्या या दुकानात शिवले जात. "चारला निघालो नाही तर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये खलास. सहाला शो आहे."

शालीचा मालक तिथेच स्टुलावर बसला होता. फाउस्तिनो, पेरू देशाच्या डोंगरातला केचुआ जमातीचा माणूस, बासरी वाजवणारा. त्याचे तिघे साथीदार बाहेर व्हॅनमध्ये घाम पुसत बसले होते, डोक्यावर पिसांचे भलेमोठे मुकुट घालून. त्यांच्या शाली बाजारातून घेतलेल्या. रामेश्वरने सकाळीच त्या खालून कातरून झालरी करून दिल्या होत्या. यंत्रावरचं कापड ते, त्याचं काय एवढं! ही एकच राहिली होती.

"मॅडम, ही पिसं खरंच यांची आहेत का?"

"नाही हो. पार उत्तर अमेरिकेतल्या लोकांची, हजारो मैल लांबच्या. हाच सांगत होता मघाशी." विभावरी हसली. "पण स्पॉन्सरला रेड इंडियन हवेत, सिनेमातल्यासारखे. रिहर्सल बघून म्हणाला, ये तो कंबल ओढ के आये हैं."

"म्हणजे आपल्या लेझीमवाल्यांना भांगड्याचे कपडे घालण्यासारखं झालं."

"गेल्या वर्षी घातलेच होते. कोणी काही बोललं नाही."

त्या लुंग्या-पगड्या रामेश्वरनेच शिवल्या होत्या.

फाउस्तिनोला मराठी कळत नव्हती, पण कात्री कळत होती. तो उठून टेबलापाशी आला. "माय मदर," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी हवेत विणून दाखवलं. मग स्वतःच्या खांद्यापासून मांडीपर्यंत वीत वीत मोजलं. आईने मुलाच्या मापानेच माग लावला होता. हवं तेवढंच विणलेलं, चारही काठांसकट. "नो कट. नेव्हर." कापडावर तळवा ठेवून तो म्हणाला, "अलाइव्ह."

रामेश्वरला त्याचं नवल वाटलं नाही. त्याचा बाप येवल्याचा विणकर. मागावरून साडी उतरवताना तोसुद्धा आधी कात्री कपाळाला लावायचा. पण बाप कापायचा तरी. या बाईने कात्रीला कामच ठेवलं नव्हतं. तिचे पाय धरावेत असं त्याला वाटलं, आणि हातातल्या कात्रीची शरम वाटली.

"मी वरून झालर लावतो, मॅडम. कच्चे टाके घालतो. शो झाला की काढून टाकीन."

"काल यानेही तेच करून पाहिलं ना? स्टेजवरच गळून पडली. चौघं सारखे दिसले नाहीत तर कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल. चौघांचंही. परतीची तिकिटंसुद्धा. याला सगळं सांगितलंय मी." तिचा आवाज जरा उतरला. "मला काय हौस आहे का, भाऊ? माझ्याही डोक्यावर कोणीतरी बसलंय. पाच मिनिटांचं काम, करून टाका."

"मी नाही करणार."

"अन्वरशेठना फोन लावू? दुकान त्यांचं, तुमचा व्हिसाही त्यांच्याच हातात आहे ना?"

"लावा."

तिने नोकियाची बटणं दाबली. फाउस्तिनोने तिच्याकडे पाहिलं, रामेश्वरकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर, व्हॅनमधल्या त्या तिघांकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने रामेश्वरच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच कात्री काढून घेतली.

"नॉट यू, ब्रदर," तो म्हणाला. "आय कट."

तो वाकला आणि कापडाशी काहीतरी बोलला, आपल्या भाषेत, तापाने फणफणलेल्या पोराची समजूत काढावी तसं. विभावरीने फोन कानावरून खाली घेतला. फाउस्तिनो बोलायचा थांबला आणि त्याने कापायला सुरुवात केली.

शिंप्याची जड कात्री त्याला धरता येत नव्हती. काप तिरके जात होते. कापड सरळ धरायला रामेश्वरचा हात सवयीने पुढे गेला आणि त्याने तो मागे घेतला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

फाउस्तिनोने शाल अंगात घातली, मुकुट डोक्यावर चढवला आणि तो दाराकडे निघाला.

"झालं की," विभावरी म्हणाली. कोणाला, ते तिलाच ठाऊक. मान वर न करता ती पुढे जाऊन व्हॅनमध्ये बसली.

एका तिरक्या कापातून लाल दोरा लोंबत होता. तो दाराच्या कडीत अडकला आणि फाउस्तिनो पुढे चालला तसा सुटत सुटत हातभर बाहेर आला. रामेश्वर धावला. त्याने दोरा कडीतून सोडवला. फाउस्तिनोला पत्ताच नव्हता.

"अहो, कापा तो दोरा!" विभावरी व्हॅनमधून ओरडली. "यल्ला, चला, उशीर होतोय!"

टेबलावरची कात्री रामेश्वरने धावताना उचललेलीच होती. ती एका हातात तशीच धरून, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तो दोरा ताण न देता सांभाळत, तो फाउस्तिनोच्या मागे मागे व्हॅनपर्यंत चालत गेला.