कॅसेटीतली फुंकर

ठोकळे जुळवायच्या त्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये दर वेळी मीच जिंकायची. पप्पांनी कॅसेट दिली मात्र जिनेशदादाला. आता म्हणे तसल्या कॅसेटी जगात मोजक्याच उरल्यात, आणि पुण्याचा एक शौकीन ती घ्यायला कारंजा गावातल्या आमच्या दुकानात येणार होता.

"चेतना, लहानपणीसारखी फुंकू नको तिच्यात. तोंडाच्या ओलाव्यानं पिना गंजतात, मंग कोणी इचारत नाही," असं बजावून दादा त्या पुणेकराला आणायला स्टँडवर गेला.

मी कॅसेट ओठांना लावली आणि जीव खाऊन फुंकर मारली.

आतून कोणीतरी उलट फुंकलं. गरम. माझ्या पापण्या मिटल्या.

मी श्वास रोखून ऐकू लागले.

आत कोणीतरी छाती भरून श्वास घेत होतं.