गव्हातली सरळ रेषा

सायकलच्या हँडलवरच्या छोट्या पडद्यातला बाण सरळ पुढे दाखवत होता आणि सरळ पुढे गहू होता. कमरेइतका उंच, ओंब्या भरलेला, वाऱ्याने एका बाजूला कललेला.

धाकटीने पडदा बोटाने पुसला. बाण हलला नाही.

“वाट कुठाय?” थोरलीने एक पाय जमिनीवर टेकवला.

“उपग्रहाच्या चित्रात होती, ताई. पांढरट, एकसारख्या रुंदीची. इथून थेट नदीपर्यंत.”

“उद्या सगळा सायकल क्लब माझ्या मागे येणार आहे. त्यांना काय सांगू? ओंब्या चघळत या?”

धाकटीने पडद्यावरचं चित्र मोठं करून पाहिलं. तिने आखलेला हा पहिलाच मार्ग होता. थोरलीने आज तो पास केला तर उद्या सगळे या वाटेने येणार होते. नाहीतर नेहमीचा डांबरी रस्ता होताच. इथवर सगळं नीट जमलं होतं. पडक्या वेशीतून बाहेर पडल्यावर मुरमाची वाट नदीच्या संगतीने चालली होती, आणि जाड टायरांखाली तिचा छान आवाज येत होता. लांबवर नदीच्या पात्रात एकटाच उभा असलेला दगडी खांब पाहून थोरली स्वतःहून थांबली होती. “पूल नाही आणि खांब कसा?” तिने विचारलं होतं. धाकटीला सांगता आलं नव्हतं.

“ओ बाई, सायकली पिकात घालायच्या नाहीत हं!” शेताची मालकीण खांद्यावर फावडं घेऊन तरातरा आली. “आधीच या पट्ट्याने माझा जीव खाल्लाय.”

“कुठल्या पट्ट्याने?”

“हा काय तुमच्या नाकासमोर. पाऊस लांबला की एवढाच आधी पिवळा पडतो. खत घाला, पाणी द्या, ढिम्म. माझ्या सासूबाईंनीही हात टेकले.”

थोरली सायकलवरून उतरली. तिची सगळी नोकरी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली होती. “दोन ओंब्या घेऊ?”

“दोनच.”

तिने एक पट्ट्यातली घेतली, एक त्याच्या बाहेरची. तळहातावर दोन्ही चोळल्या, फुंकर मारून दाणे पाहिले. पट्ट्यातले बारीक होते आणि सुरकुतलेले.

“नांगराला दगड लागतो?”

“लागतो म्हणजे? फाळ बोथट करून ठेवतो.”

थोरलीने आजूबाजूला पाहिलं. शेताच्या कोपऱ्यात मातीचा एक मोठा उंचवटा होता. “तो कशाला?”

“पूर आला की गुरं चढवायला.”

“चल,” थोरली धाकटीला म्हणाली आणि सायकल तिथेच आडवी टाकून निघाली. मालकीणही मागोमाग आली. या दोघींना एकटं सोडायची तिची तयारी नव्हती.

वर पोहोचल्यावर तिघींनी खाली पाहिलं.

उन्हं कलती होती. हिरव्या सपाटीवर एक फिकट रेषा होती, पट्टीने ओढल्यासारखी, दोन्ही कडांना गडद हिरवी किनार. तिला काटकोनात फाटे फुटले होते. फाट्यांच्या अंगाने चौकोन होते, चौकोनांत लहान चौकोन, आणि बहुतेक प्रत्येकाला रेषेच्या बाजूला एक फट. आत-बाहेर करायला ठेवतात तशी. मूळ रेषा मात्र कुठेही न वळता शेत ओलांडून नदीपर्यंत गेली होती. तिच्या टोकासमोर, पाण्याच्या मधोमध, तो खांब होता. आणि पलीकडच्या तीरावर, दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात, ती पुन्हा सुरू होत होती आणि नजर पोचेल तिथवर चालली होती.

“खाली फरसबंदी आहे,” थोरली हळूच म्हणाली. “मुळं खोल जात नाहीत, म्हणून वरचं पीक आधी वाळतं. कडेला चर असणार. तिथे माती खोल आहे, म्हणून हिरवं.” मग धाकटीकडे वळून, “रस्ताच आखलायस तू. त्यावरची माणसं उरली नाहीत, एवढंच.”

“तुम्हाला कधी दिसलं नाही?” धाकटीने मालकिणीला विचारलं.

“इथे मी पुरातच चढते. तेव्हा खाली नुसतं पाणी.” ती डोळ्यांवर हात धरून चौकोनांकडे बघत होती. “ती घरं का?”

“घरंच.”

“अगं बाई. म्हणजे मी इतकी वर्षं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पेरत्येय.”

एक ढग उन्हाच्या आड आला. रेषा आणि चौकोन एकेक करून विरत गेले, आणि खाली पुन्हा फक्त गहू राहिला.

“मग उद्या?” धाकटीने विचारलं. “डांबरी?”

“शेताच्या कडेच्या वाटेने वळवू. आणि इथे सगळ्यांना वर चढवायचं, कुरकुर केली तरी.” थोरली उतरायला लागली होती. “चित्रावरची तुझी रेषा पुसू नकोस.”

कडेची वाट शेताला वळसा घालून नदीकडे गेली आणि तिथून काठाकाठाने पुढे. थोरली पुढे होती. खांबाच्या समोर येताच तिने ब्रेक दाबला. ती रेषा इथेच वाटेला छेदत होती, पण तिथला मुरूम मागच्या-पुढच्या मुरमासारखाच होता.

ती सायकलवरून उतरली. तिने उजवीकडे गव्हात लांबवर पाहिलं, मग डावीकडे पाण्याकडे, मग पुन्हा उजवीकडे. काही येत नव्हतं. मग हाताने सायकल धरून ती रेषेच्या पलीकडे गेली.