लांबची मावशी

"काय हो मावशीबाई, आज भाजी घेऊन?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार अर्धं उघडून विचारलं. या काकूंच्या नजरेतून जिन्यावरची मांजरसुद्धा सुटत नाही.

"भाचीची परीक्षा संपली ना, म्हटलं बघून यावं," म्हणत बाई पिशवी छातीशी धरून चौथ्या मजल्यावर गेल्या.

पिशवीत वर पालकाची जुडी होती आणि खाली फाइल. बाई परिवीक्षा अधिकारी. अठराच्या आतल्या मुलांच्या हातून गुन्हा घडला आणि न्यायालयाने त्यांना घरीच राहू दिलं, तर महिन्यातून दोनदा जाऊन बघायचं, पोर वळणावर आहे की नाही. एक नियम मात्र कडक. शेजारीपाजारी काही कळता कामा नये. म्हणून बाई कुठल्याच घरी अधिकारी म्हणून जात नाहीत. कुठे आत्या, कुठे काकी, कुठे शिवणाच्या क्लासवाल्या. इथे लांबची मावशी. सव्वीस वर्षांत गोतावळा हा एवढा झाला, आणि स्वतःच्या घराचं कुलूप मात्र त्यांनीच लावायचं, त्यांनीच उघडायचं. पालकाची एक जुडी त्यांना तीन दिवस पुरते.

आज शेवटची भेट. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींच्या नादी लागून या पोरीनं एका दुकानाचं शटर उचकटलं होतं. आता ती गुणाची झाली होती. बाईंच्या चहात साखर कमी घालायची हे तिला सांगावं लागत नसे. आज कागदांवर सह्या झाल्या की मुदत संपली. बाईंना एकच आस होती, आणि तिची त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. या घरानं एकदा म्हणावं, येत जा.

पोरीनं सही केली. आईनं केली.

"सुटलो बाई एकदाचे!" आई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे तुमचा काही त्रास नव्हता हो, ताई."

"अहो, सुटलातच की. चांगलं झालं."

चहा झाला. फाइल पिशवीत गेली. उठायची वेळ झाली तरी बाई बसून राहिल्या, कारण आईच्या ओठांवर काहीतरी घुटमळत होतं.

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"आता तुम्ही काही येणार नाही. मग खालच्या काकूंना काय सांगायचं? दोन वर्षं न चुकता येणारी मावशी एकदम गायब झाली, तर ती बाई पाताळातून शोधून काढेल."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बदली झाली म्हणा."

"बदली झाली तरी माणूस सुट्टीत येतं, फोन करतं."

"मग भांडण झालं म्हणा."

"नको मॅडम, ती भांडण मिटवायला येईल!" पोरगी म्हणाली. तिघीही खळखळून हसल्या.

हसणं संपल्यावर आई फरशीकडे बघत राहिली. तिच्या मनात काय आलंय ते बाईंना कळलं. तिच्या तोंडून ऐकायला नको, म्हणून त्याच म्हणाल्या, "वारले म्हणून सांगा."

"अहो, काहीतरीच काय! जिवंत माणसाचं असं बोलू नये."

"चार घरांत आधीच वारलेय मी. एका ठिकाणी तर शेजारणी भेटायला आल्या आणि रडल्या म्हणे. काही होत नाही. उलट आयुष्य वाढतं म्हणतात."

आईनं चहाचे कप गोळा केले. मग हळूच म्हणाली, "महिन्याभरानं सांगते. लगेच नको, बरं दिसणार नाही."

बाई उठल्या. येत जा म्हणायचा आता प्रश्नच नव्हता. वारलेलं माणूस येणार कसं?

जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, धडधाकट बाई महिन्याभरात गेली म्हटलं तर काकू शंभर प्रश्न विचारतील. पोरीच्या आईला धड थाप मारता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, कठडा धरला आणि खोकायला लागल्या.

दार लगेच उघडलं. "अगंबाई! येताना तर ठणठणीत होतात!"

"जुनंच आहे हो. औषधं चालू आहेत."

काकू धावत जाऊन पेलाभर पाणी घेऊन आल्या. "जपा हो. घरी कोण असतं बघायला?"

सव्वीस वर्षांत बाई पहिल्यांदाच थापेला अडल्या. त्या पाणी पीत राहिल्या.

"माय मरो नि मावशी जगो म्हणतात, ते उगीच नाही," काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "या पोरीला तुम्ही हव्यात."

तेवढ्यात पोरगी धाडधाड खाली आली. तिनं एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्यानं बाईंचा दंड धरला. "चल मावशी, मी सोडते तुला. हळू उतर."

वळण आलं. इथून काकूंना काही दिसत नव्हतं. पोरीनं दंड सोडला, पिशवी परत दिली आणि डोळे मिचकावले. "भारी जमलं, मॅडम," ती कुजबुजली आणि दोन दोन पायऱ्या चढत पळाली.

वर एक दार लागलं. मग दुसरं लागलं. आता ऐकायला कोणी नव्हतं. बाई कठड्याला धरून उरलेले दोन मजले खोकतच उतरल्या.