गैरहजेरीचा दंड

ओहायोतल्या कॉलेजात एका घरात राहून एकमेकींना बहिणी म्हणवणाऱ्या मुलींच्या भगिनीमंडळाची वर्षानुवर्षांची गंगाजळी यंदा नव्या बॉयलरमध्ये आटली. तेव्हापासून रविवारची बैठक चुकवली की पंचवीस डॉलर दंड आणि माफी हवी असेल तर पुरावा. खजिनदार डिलेनीने घरून परतलेल्या ब्रिनला जिन्यातच गाठलं.

"आई गेल्याचं तू ग्रुपवर कळवलं होतंस गं, पण कागद लागतो. नाहीतर दर रविवारी कुणाची तरी आजी मरते." बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

ब्रिनने पर्समधून अंत्यविधीला येणाऱ्यांना वाटतात ती छापील पत्रिका काढली. वर आईचा हसरा फोटो होता.

"झेरॉक्स काढून लगेच परत देते हं," डिलेनी ओशाळून म्हणाली.

"राहू दे. तुम्ही साठ बहिणी येणार म्हणून बाबांनी जास्तीच्या छापून घेतल्या होत्या."