शालिकरामची गूळतुला

शालिकराम पारड्यात मांडी घालून बसला, तेव्हा नत्थूजी मापाऱ्याला एकच शंका आली. बूट वजनात धरायचे की वजा करायचे? तीस वर्षं नागपुरात इतवारीच्या बाजारात पोती तोलताना तो बारदाना वजा करत आला होता. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष वामनराव म्हणाले, देशाच्या जवानाच्या बाबतीत वजाबाकी नको. टाळ्या झाल्या.

साल बहात्तर, एप्रिल महिना. लढाई संपून चार महिने झाले तरी मंडळाला सत्कारासाठी कुणी मिळालं नव्हतं. भिवापूरच्या शालिकरामला पदक मिळाल्याचं पेपरात आलं आणि मंडळाला हुरूप आला. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन तो गोळीबारातून दोन मैल चालला होता. अशा माणसाची शाल-नारळावर बोळवण करणं बरं दिसलं नसतं. तुला करायचं ठरलं. भिवापूर मिरचीचं गाव, म्हणून आधी मिरचीची टूम निघाली. पण मागच्या साली मिरचीचं पोतं फुटून अर्धा बाजार शिंकत घरी गेला होता, याची कुणीतरी आठवण दिली. मग गूळ ठरला. तो नंतर जखमी जवानांना पाठवायचा होता. कुठल्या, ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं.

दोन मैल म्हणजे किती, हे वामनराव माईकवरून समजावून सांगत होते. इतवारीपासून सीताबर्डी, आणि तेही रिक्षा न करता.

शालिकरामचं तिकडे लक्ष नव्हतं. पुढच्याच रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांच्याकडे बघायचं नाही, या एका कामात तो गुंतला होता. ते उमरेडचे कवडूजी. त्यांचा मुलगा वसंता शालिकरामच्याच तुकडीत होता. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी गेला. जागीच गेला, त्रास झाला नाही, असं शालिकरामनं त्यांना पत्रात कळवलं होतं. सुट्टीवर आल्यावर खरं काय ते सांगावं म्हणून त्यानं भिवापूरहून तीनदा उमरेडचं तिकीट काढलं. तिन्ही वेळा उमरेड आलं, तो उतरला नाही, सरळ नागपूरला पोहोचला. तिसऱ्या वेळी कंडक्टरनं न विचारताच पुढचं तिकीट फाडून दिलं.

समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा पडू लागल्या, तसतसं शालिकरामचं पारडं जमिनीवरून सुटायच्या बेतात आलं. एक ढेप राहिली, तेव्हा वामनरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ही शेवटची ढेप वीरपिता कवडूजी आपल्या हातानं ठेवतील, असं त्यांनी जाहीर केलं. ही कल्पना त्यांना स्वतःला सुचली होती. दोघं जवान एका तुकडीचे, एका मुलखाचे. एवढी माहिती त्यांना पुरेशी वाटली.

शालिकराम उठायला गेला. नत्थूजीनं त्याचा खांदा दाबला. हलू नका म्हणाला, काटा हलते.

कवडूजी ढेप छातीशी धरून आले. बँड सुरू झाला होता. ते शालिकरामपाशी वाकले.

"चांगलं केलं गा तू, पोरा. कोणाची तरी माय हसली."

"काकाजी, तुमाले मी खोटं लिहिलं," शालिकराम म्हणाला. "वसंता जागीच नव्हता गेला. दोघंही जिते होते, तो अन् गिरिधर. एकालेच उचलता येत होतं. हलका होता त्याले उचललं मी."

कवडूजी तसेच वाकलेले राहिले. बँडवाल्यांना वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतो आहे. त्यांनी आवाज थोडा खाली आणला.

"बोलला का काही?"

"नाही. मी गिरिधरले पाठीवर घेतलं, तवा बघून राहिला होता."

वामनरावांनी घड्याळ पाहिलं आणि नत्थूजीला खूण केली. नत्थूजी अदबीनं म्हणाला, काकाजी, ढेप. कवडूजींनी ती इतरांसारखी टाकली नाही. दोन्ही हातांनी समोरच्या पारड्यात नेऊन ठेवली, हळू, कुणी झोपलेलं असावं तशी. शालिकरामचं पारडं जमीन सोडून वर आलं आणि काटा मधोमध थांबला. फोटोवाल्यानं दिवा उडवला. टाळ्या पडल्या, त्या पडतच राहिल्या.

कवडूजी गेले नाहीत. पारड्याची साखळी धरून ते अधांतरी बसलेल्या शालिकरामकडे बघत राहिले.

"पहिल्या भरतीत वजन कमी म्हून फेल केलं होतं गा त्याले," ते म्हणाले. "मंग मी म्हैस घेतली."